तिवारीजींच्या अंगणातला कडुनिंब

ही वही कधी कुणाच्या हातात पडलीच, तर आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाईट आहे. ओळ डावीकडून नीट निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत खाली घसरते. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. शंका आली की मी वेलांटी अशी काढते, की ती दोन्हीकडून वाचता यावी. शाळा चौथीपर्यंत झाली आणि तीही हिंदीची. मराठी आमच्या घरात बोलतात, ती जशी कानावर पडली तशीच इथं उतरवते आहे. चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं मनात सुधारून घ्यावं.

कालपासून गल्लीत मटारच्या गाड्या यायला लागल्या. हिरवा ढीग, त्यावर ओलं गोणपाट. मटारवाल्याला ओरडावं लागत नाही, गाडी वळणावर दिसली की बायका पिशव्या घेऊन उतरतात. जबलपूरला या दिवसांत कुणी पाव किलो मटार मागत नाही. पाच किलो, दहा किलो घ्यायचे आणि दारात बसून सोलायचे. शेंग उघडताना बारीकसा आवाज होतो, मग तो कच्चा, गोडसर वास. दुपारपर्यंत नखांच्या कडा हिरव्या होतात आणि आठ दिवस तशाच राहतात.

काल सोलता सोलता मी फोन उघडायला गेले. ओल्या अंगठ्याला तो दाद देईना. अंगठा पदराला पुसला, पुन्हा लावला, आणि गेल्या वर्षीचे मटारचे दिवस एकदम समोर आले. तेव्हाही असंच व्हायचं. एका हाताला शेंगा, एका हाताला चित्र.

तो फोन पल्लवीचा, माझ्या मुलीचा. तिला कॉलेजसाठी नवा घेतला, तेव्हा कोपऱ्याला तडा गेलेला जुना माझ्याकडे आला. "आई, इस पे रेसिपी देख लेना," म्हणाली. नंबर तिचाच, नाव तिचंच. तिच्या जुन्या ग्रुपांतला एक ग्रुप त्यात राहून गेला होता, 'संडे कलाकारी'. शहरातले हौशी लोक, फोटो घेऊन त्यावर मोबाईलमध्ये किंवा कंप्यूटरवर काम करणारे. पल्लवी मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यात शिरली होती आणि विसरली होती.

नियम सोपा होता. रविवारी सकाळी एका जणानं एक फोटो टाकायचा. बाकीच्यांनी आठवड्याभरात त्याचं आपल्या मनासारखं काही करायचं आणि शनिवारी पाठवायचं. ज्याचं सगळ्यांना आवडेल, त्यानं पुढच्या रविवारी फोटो द्यायचा. बक्षीस नाही. एकमेकांची चेष्टा मात्र भरपूर. तिवारीजी म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ग्रुप चालवायचे. ते प्रत्येक फोटोत चंद्र लावायचे, भर दुपारच्या फोटोतसुद्धा. कुणी विचारलं, तर लिहायचे, "हमारी ड्यूटी रात की थी भाई, सूरज से अपनी जान-पहचान कम है." नेपियर टाउनमध्ये दातांचा दवाखाना असलेल्या एक डॉक्टर मॅडम होत्या. त्या सगळं पांढरं करायच्या. ढग पांढरे, भिंती पांढऱ्या. एकदा त्यांनी गाय उजळवली, तेव्हा सोनी भैया नावाचे वह्या-पेनांचे दुकानदार म्हणाले, "मैडम ने गाय की भी सफ़ाई कर दी, अब फ़ीस कौन देगा?"

हे सगळं मी वाचून पोट धरून हसायची. वाचायला वेळ लागायचा, म्हणून हसू इतरांच्या मागून यायचं.

मी साड्यांना फॉल लावते. कमानिया गेटच्या आसपासच्या दुकानांतून साड्या आणते, घरी फॉल लावते, काठाला पिको करून परत देते. वीस वर्षं झाली. या कामात डोळ्याला एकच सवय लागते. जोड दिसता कामा नये. राणी रंगाच्या साडीला लाल दोरा चालत नाही, राणीच लागतो, आणि राणीतही सकाळच्या उन्हात एक दिसतो आणि ट्यूबलाईटखाली दुसरा. ग्रुपमधली चित्रं बघताना मला पहिल्यांदा जोडच दिसायचे. इथं कापलेलं दिसतंय, तिथं रंग बसला नाही. लिहायची हिंमत नव्हती. पण हात शिवशिवायचे.

एका रविवारी कमानिया गेटचाच फोटो आला. पुढं विजेच्या तारांचं जाळं, मागं गेट. मी रोज त्या तारांखालून जाते. दुपारी जेवणं उरकल्यावर पल्लवीनं फोनमध्ये ठेवलेलं फोटोचं ॲप चाचपडत बसले आणि कच्चा दोरा उसवावा तशी एकेक तार काढली. तार काढली की मागं भोक राहतं, ते शेजारच्या दगडाच्या रंगानं भरायचं. शुक्रवारपर्यंत गेट मोकळं झालं. मधेच एकदा आमचे हे म्हणाले, "फोनमधी काय दळून राहिली तीन दिवसापासून?" मी म्हटलं, "रेसिपी."

शनिवारी चित्र पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. तिवारीजींनी लिहिलं, "वाह पल्लवी बेटा, पहली बार गेट को साँस लेते देखा." मी ते चार वेळा वाचलं. पल्लवी बेटा मी नव्हे, हे तिथंच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. खोटं बोलले असं तेव्हा वाटलंच नाही. मला वाटलं, मी पडद्यामागं उभी आहे आणि इथून सगळं छान दिसतंय.

मग मटार आले आणि मटारच्या दिवसांतच डॉक्टर मॅडमनी तो फोटो टाकला. बरगी धरणाचं पाणी. नावेतून काढलेला फोटो, त्यात दुसरं काही नाही. खाली पाणी, वर आकाश आणि मध्ये धुरकट रेघ. त्यांनी लिहिलं होतं, "बिल्कुल ख़ाली है. जिसको जो भरना हो, भर दे."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

ते पाणी रिकामं नाही, हे मला माहीत आहे. त्याच्या खाली आमचं गाव आहे. माझ्या बाबांचे वडील भंडाऱ्याकडून येऊन तिथं शेती करायला राहिले होते. दहा-बारा घरं मराठी बोलणारी, बाकीची तिथली. मी चौथीत होते. वार्षिक परीक्षा नव्या जागी होईल असं गुरुजींनी सांगितलं होतं, आणि मी नव्या जागेसाठी पाटी घासून ठेवली होती.

लोकांना वाटतं पाणी धावत येतं. आमच्याकडं तसं आलं नाही. आज बांधाच्या पलीकडे दिसलं, दोन दिवसांनी बांधाशी, मग विहिरीच्या वाटेवर. रोज सकाळी उठून बघायचं, काल कुठं होतं आणि आज कुठं आहे. आम्ही मुलं त्यात काड्या रोवून खूण करायचो. आम्हाला तो खेळ वाटायचा. बाबांनी कौलं उतरवली, दाराच्या चौकटी उपटून ट्रकवर घातल्या. मी मागं बसले होते, चौकटीच्या आत. सगळा रस्ता मी एका दारातून बघत आले, असं आठवतं.

जबलपूरला आल्यावर चौकटी विकल्या. शाळा पुन्हा झाली नाही. पहिलं वर्ष घर मांडण्यात गेलं, दुसरं धाकट्या भावाला सांभाळण्यात, तिसऱ्या वर्षी कुणाला आठवलंच नाही. यात कुणावर राग नाही. रागाला एक माणूस समोर लागतो.

आमच्या गावाचा एकही फोटो कुणाकडे नाही. तेव्हा फोटो लग्नात निघायचे, आणि तेही माणसांचे. घराचा फोटो कोण काढतं? घर तर जागेवर आहेच.

त्या आठवड्यात मी आईकडे गेले. आई भावाकडे अधारतालला राहते. उन्हात बसून तीही मटारच सोलत होती. डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटांना सगळं कळतं, किडका दाणा बरोबर बाजूला पडतो.

"आई, आपल्या घराचं दार कोणीकडं होतं?"

"काहून विचारून राहिली?"

"असंच."

"असंच कोणी इतक्या वर्षांनी विचारते का," ती म्हणाली. मग स्वतःच बोलली. "उगवतीकडं. दाराबाहेर कपडे धुवायचा दगड. मग निंब. निंबाच्या पल्याड विहीर."

"शाळा विहिरीच्या उजव्या हाताला न?"

"डाव्या. उजव्या हाताला तर पाटलाचं खळं होतं. तू शाळेत जायच्या वेळेला मुद्दाम खळ्याकडं वळायची, म्हणून तुला उजवीकडं आठवते."

मी तिला फोनमधलं पाणी दाखवलं. तिनं फोन नाकापर्यंत आणला. मी सांगितलं, की यात गाव काढायचं आहे. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माणसं नको काढू. माणसं तर निघाली तिथून, जिथं तिथं जगून राहिली. घरंच राहिली."

"आणि कौलं? बाबांनी काढली होती न?"

तिनं मुठीतले दाणे ताटात टाकले. "लाव," म्हणाली. "कौलं लाव. चौकटीबी लाव."

आता गाव कशातून काढायचं? मला चित्र रेखाटता येत नाही, फक्त जोडता येतं. ग्रुपमध्ये आजवर आलेले सगळे फोटो फोनमध्ये होते. तिवारीजींनी मागं कधी त्यांच्या अंगणातला कडुनिंब टाकला होता, थेट आमच्यासारखा, बुंध्याशी वाकलेला. सोनी भैयांनी एक विहीर टाकली होती. मंडल्याच्या रस्त्यावरची कुडाची भिंत होती, कुणाच्या तरी आजोळची कौलं होती. मी बोटानं कडा धरून ते ते कापून घेतलं. एकावर एक थर ठेवत गेले. पहिले दोन दिवस गाव पाण्यावर तरंगायला लागलं, जत्रेतल्या पडद्यासारखं. मग सुचलं, की पाणी वर हवं. पातळ व्हॉईलची साडी पसरून ठेवली, की खालच्या चटईची वीण जशी दिसते, तसं ते पाण्यातून दिसायला हवं. सगळं गाव फिकं करत नेलं, लाट जिथं मोडते तिथं भिंतही मोडली. शुक्रवारी दुपारी, नळाला पाणी यायच्या आधी, ते झालं. मी फोन उलटा ठेवून दिला आणि बादल्या भरायला उठले.

शनिवारी सगळ्यांची चित्रं आली. कुणी पाण्यावर गरम हवेचे फुगे सोडले होते, कुणी हत्ती, तिवारीजींचा चंद्र होताच. मी माझं पाठवलं. त्यानंतर ग्रुप गप्प झाला. मला वाटलं, आवडलं असावं.

मग तिवारीजींचं आलं, "बहुत सुंदर. पर बेटा, यह नीम तो मेरे आँगन का है."

सोनी भैयांनी लिहिलं, "और कुआँ मेरी ससुराल का. वहाँ से तो हम भी बिना पूछे कुछ नहीं उठाते."

त्यात हसण्याचं चिन्ह होतं. पण खाली आणखी एकानं विचारलं, की हे एवढं सफाईचं काम पल्लवीनं कुणाकडून करून घेतलं. आमच्यात स्वतःच्या हातानं करायचं ठरलं आहे ना?

 माझी चूक मला खरंच कळली नव्हती. आमच्या कामात साडी पुरी झाली, की उरलेली कतरण, म्हणजे कापडाचे तुकडे, शिवणाऱ्याची. कुणी मागत नाही, कुणी विचारत नाही. मला वाटलं होतं, आठवडा संपला, चित्र झालं, आता ते फोटो म्हणजे उरलेली कतरण. कुणीही घ्यावी. झाडाला मालक असतो हे ठाऊक होतं. झाडाच्या फोटोलाही असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी पल्लवी घरी आली ती चिडूनच. तिच्या मैत्रिणीनं विचारलं होतं.

"आई, मेरे नाम से भेजा क्यों? आता कॉलेजमध्ये विचारून राहिले, गाँव वाला किससे बनवाया. केलं तू, चोर मी."

"कोणाकडून नाही बनवलं."

"मला माहीत आहे न. त्यांना कोण सांगणार?"

तिवारीजींनी लिहिलं होतं, की पुढच्या रविवारी सगळे डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात चहाला भेटतात, पल्लवीनं यावं आणि कसं केलं ते दाखवावं, बस. पल्लवीनं फोन माझ्यासमोर ठेवला. "मी नाही जाणार. तू जा. नाहीतर ग्रुप सोड."

सोडणं सोपं होतं. एक बोट दाबायचं. वीस वर्षं मी साड्या दुकानाच्या पायरीवरून देते आणि पायरीवरूनच पैसे घेते. आत गादीवर बसा म्हणाले, तरी बसले नाही. पण ग्रुप सोडला असता, तर ते चित्र चोरलेलं आणि कुणाकडून तरी करून घेतलेलं, असंच राहिलं असतं. बाकी काहीही माझं नाही म्हटलं असतं, तर मी मान हलवली असती. त्या गावाबद्दल मला तसं होऊ द्यायचं नव्हतं.

रविवारी दुपारी पल्लवीनं स्कूटीवरून सोडलं. दवाखान्याच्या दारात मी थांबले, तशी तिनं स्कूटी स्टँडवर लावली आणि म्हणाली, "चलो. मी पण येते. बोलणार काही नाही."

आत आठ-नऊ माणसं बाकांवर. मटारच्या कचोऱ्यांचा डबा दाताच्या खुर्चीवर ठेवलेला, रुग्ण बसवावा तसा. उंच, वाकलेले एक गृहस्थ उठले, ते तिवारीजी. त्यांनी पल्लवीला पाहून म्हटलं, "आओ बेटा, और आप मम्मी?"

"पल्लवी मैं हूँ," मी म्हणाले.

सगळे बघत राहिले. पल्लवीनं तोंडावर ओढणी धरली. मी पुन्हा म्हणाले, "मतलब, यह पल्लवी है. फोटो मैं करती हूँ."

 मी फोन काढला आणि दाखवायला लागले. थर एकेक करून बंद केला. आधी पाण्याची वरची लाट गेली, गाव स्वच्छ दिसलं. मग कौलं गेली. मग चौकटी. भिंत गेली, खळं गेलं, शाळा गेली. विहीर काढली, तेव्हा सोनी भैया पुढं वाकले. शेवटी कडुनिंब काढला आणि राहिलं नुसतं पाणी. जे एकदा झालं होतं, तेच मी त्या बाकावर बसून माझ्या बोटानं करत होते, हे शेवटी माझ्या लक्षात आलं. बोट थांबलं. मग मी ते सगळं परत लावत आले, कडुनिंबापासून.

"यह मेरा गाँव है," मी म्हणाले. "इसके नीचे."

डॉक्टर मॅडमनी तो फोटो सहलीला गेल्या तेव्हा काढला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मैंने लिखा था ख़ाली है," एवढंच म्हणाल्या.

मी कतरणीचं सांगितलं. ऐकून आधी सोनी भैया हसले, मग सगळेच. तिवारीजी म्हणाले, "नीम तो मेरा ही है दीदी. पर मेरे यहाँ उसके नीचे स्कूटर खड़ा रहता है. आपके यहाँ कुआँ है. उसको वहीं रहने दीजिए." त्याच दिवशी ठरलं, की दुसऱ्याच्या फोटोतलं काही घ्यायचं तर विचारायचं. तेव्हापासून ग्रुपमध्ये लोक उगाच विचारतात, "सोनीजी, आपका बादल ले लें?" आणि ते लिहितात, "दीदी से पूछो, कतरन उनके पास है."

त्यानंतर महिन्याभरात डॉक्टर मॅडमनी ते चित्र मोठं छापून, काचेच्या फ्रेममध्ये घालून घरी पाठवलं. भेट म्हणून. भावानं आईला रिक्षातून आणलं. ती फ्रेमच्या इतकी जवळ उभी राहिली, की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. बोटानं दार शोधलं, दगड शोधला. "विहीर जरा मोठी झाली," म्हणाली. मग तिथंच खाली बसली आणि पल्लवीला कुणाचं घर कुठं ते सांगायला लागली. पल्लवी तिला हिंदीत विचारत होती, ती मराठीत सांगत होती. दोघींना मध्ये माझी गरज पडली नाही.

मला मात्र त्या फ्रेमकडे बघून सुख लागेना. कडुनिंब तिवारीजींचा, विहीर सोनी भैयांची, पाणी डॉक्टर मॅडमचं. कागद आणि काचही दुसऱ्याची असली, तर यात माझं काय? जोडणं तेवढं माझं, आणि जोड तर दिसायचाच नाही. मी छापणाऱ्या दुकानात जाऊन किंमत विचारली. बावीसशे. मग डॉक्टर मॅडमकडे गेले आणि सांगितलं, हे मी विकत घेते.

"अरे दीदी, छोड़िए ना."

"छोडना नहीं है," मी म्हणाले. माझ्या हिंदीत ते जरा रागाचं वाटलं असावं, पण दुसरं वाक्य सापडलं नाही.

फॉलचे पैसे हातात आले, की त्यातले थोडे वेगळे ठेवायचे आणि त्या बाजूला काम निघालं, की देऊन यायचे. कधी पन्नास, लग्नसराईत शंभर-दोनशे, पावसाळ्यात दोन महिने काहीच नाही. मटार संपले, कैऱ्या आल्या, सीताफळं आली. मॅडम न मोजता ड्रॉवरमध्ये टाकायच्या आणि पाणी विचारायच्या. न मोजणं त्यांच्या चांगुलपणाचं होतं, ते कळायचं. तरी घरी येताना दर वेळी वाटायचं, की दिले आणि पोचले नाहीत.

परवा शेवटचे एकशे तीस घेऊन गेले. दवाखान्यात गर्दी होती. मी दारातच थांबले, त्यांनी आत बोलावलं. मी म्हणाले, "मैडम, आज आख़िरी है." त्यांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. मग हातमोजे काढले, ड्रॉवर उघडला आणि आतून एक लिफाफा काढला. वर्षभरात मी दिलेली प्रत्येक नोट त्यात होती, एकही वापरली नव्हती. तो परत देतात की काय, म्हणून मी हात मागं घेतला. पण त्यांनी सगळ्या नोटा टेबलावर पालथ्या केल्या, त्यात माझे एकशे तीस मिसळले आणि मोजायला सुरुवात केली. खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूसही बघत होता. दहाच्या मुडपलेल्या नोटा त्यांनी हातानं सरळ केल्या, शंभरा-शंभराच्या चळती लावल्या आणि एकदा मधेच चुकल्या, तेव्हा पहिल्यापासून मोजल्या.

"बाईस सौ," त्या म्हणाल्या. "पूरे हो गए, दीदी."